टॅबच्या चाचणीसाठी पालकांच्या सह्या घ्यायला सांगितलंय, शनिवारच्या आत मदत हवी

चौथीच्या बाई
नमस्कार. शनिवारी पालकसभा आहे आणि त्याआधी मला ३८ फॉर्मवर सह्या गोळा करायच्या आहेत. फॉर्म चार पानी, सगळा इंग्रजीत. पालक गेटवर विचारतात, "बाई, कशावर सही करायची?" आणि मला धड सांगता येत नाही. एका कंपनीने तिचं वाचनाचं ॲप असलेले टॅब चाचणीसाठी दिलेत, करार वरच झालाय. मला एवढंच सांगा, सह्या घेऊ की नको? लवकर कळवा. टॅब चांगले की वाईट ही चर्चा नको, ती स्टाफरूममध्ये रोज चालते.

पंचगंगाकाठ
ताई, शाळा अनुदानित की विनाअनुदानित? ॲप नेमकं करतं काय? आणि 'वर' म्हणजे संस्थेने की मुख्याध्यापकांनी? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

टॅबवाला दादा
एक्स्टेन्शनला एक्स्टेन्शन जोडून चार्जिंग करू नका. शाळा सुटताना प्लग काढून ठेवा. आमच्याकडे दोन टॅबच्या बॅटऱ्या फुगल्या. कंपनीकडून चार्जिंगची ट्रॉली मागून घ्या, देतात.

चौथीच्या बाई
दादा, चार्जिंगचं विचारलेलं नाही हो. शाळा अनुदानित, मराठी माध्यम, कोल्हापूर शहरात. करार संस्थेने केलाय, मी पाहिलेला नाही. मूल टॅबसमोर मोठ्याने वाचतं, बरोबर शब्द हिरवा होतो, चुकलेला लाल. टॅब आठ, ते माझ्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालतात.

पंचगंगाकाठ
म्हणजे मुलांचा आवाज रेकॉर्ड होऊन कंपनीकडे जातो? की टॅबमध्येच राहतो? सगळा प्रश्न इथंच आहे.

चौथीच्या बाई
जातो. फॉर्मच्या तिसऱ्या पानावर आहे, 'उत्पादन सुधारण्यासाठी' वापरणार म्हणून. कितीही काळ ठेवणार.

कलम नऊ
मग माझं ऐका. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३. कलम ९ प्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचण्याची सोय द्यावी लागते, त्यात मराठी आहे. आणि दिलेली संमती मागे घेता येते. फॉर्म मराठीत मागा. तोवर एकही सही घेऊ नका.

सरळ बोलतो
अर्धवट सांगू नका. त्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदींना १८ महिन्यांची मुदत आहे. शिवाय शैक्षणिक संस्थांना शिक्षणाच्या कामापुरता मुलांचा मागोवा ठेवायला सूट आहे. बाईंना उगाच घाबरवताय.

कलम नऊ
सूट शाळेच्या शिकवण्याच्या कामाला आहे. कंपनीने आवाज वापरून स्वतःचं उत्पादन सुधारायचं, ते शिकवण्याचं काम कसं? आणि मुदत आहे म्हणून आज पालकांना न समजणाऱ्या कागदावर सही घ्यायची का? ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्कांच्या संघटनेने २०२२ मध्ये ४९ देशांतली शिक्षणाची ॲप तपासली, दहातल्या जवळजवळ नऊंचा मुलांच्या माहितीशी व्यवहार धोक्याचा निघाला.

वाचू आनंदे
तुम्ही दोघं भांडत बसा. बाई, गूगलचं रीड अलाँग घ्या, फुकट आहे, मराठी आहे, इंटरनेट नसताना चालतं. २०१९ ला 'बोलो' नावाने आलं, त्याआधी उत्तर प्रदेशातल्या सुमारे २०० गावांत मुलांचं वाचन तपासणाऱ्या 'असर' संस्थेबरोबर तपासलं होतं. माझ्या पोराला लई फरक पडला.

चौथीच्या बाई
मला दुसरं ॲप नकोय. जे आलंय त्याचं काय करू ते सांगा.

परवाचं सांगते. वर्गात सगळ्यात सरसर वाचणारा मुलगा टॅबवर बसला. वाक्य होतं, 'विहिरीचं पाणी आटलं.' त्याने वाचलं, "हिरीचं पानी आटलं." लाल. परत वाचलं, परत लाल. तिसऱ्यांदा आवाज बारीक झाला, चौथ्यांदा तोंडच उघडेना. घरी सगळे असंच बोलतात, अर्थ त्याला पुरता कळला होता. शेजारची मुलगी एकेक अक्षर लावत, अर्थाकडे लक्ष न देता वाचत होती, तिचं सगळं हिरवं. संध्याकाळी आलेल्या अहवालात तो 'मागे' आणि ती 'पुढे'. हा अहवाल मी त्याच्या आईला दाखवू? मला सहीपेक्षा हे जास्त लागलंय.

निवृत्त केंद्रप्रमुख
बाई, हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. ३१ वर्षं वर्गतपासणी केली. पोरगं 'पानी' म्हणालं म्हणून मी कधी नापास केलं नाही, अर्थ विचारायचो. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी शिक्षण सक्तीचं केलं, पोर शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. ज्या घरातली पोरं त्यामुळे शाळेत आली त्यांची बोली हीच होती. ती वर्गात लाल होत असेल तर यंत्र दुरुस्त करायचं, पोराला नव्हे.

सरळ बोलतो
इथं सरांशी सहमत. कंपनीला विचारा की हे ॲप कुणाच्या आवाजावर शिकवलंय. पुण्या-मुंबईच्याच असेल तर कोल्हापूरच्या पोरांचे निकाल चुकणारच. पण मग कंपनीला आपल्याकडचे आवाज द्यावेच लागतील, हेही लक्षात घ्या.

कलम नऊ
द्यावेत, पण पालकांना समजून, ठरावीक मुदतीसाठी, नाव काढून.

दोघांची आई
आमच्या शाळेत अशी चाचणी झाली. वर्ष फुकट, दुसऱ्या वर्षी मुलामागे पैसे. तोवर सगळी त्यावर अवलंबून झालेली. पुढच्या वर्षाचा दर फॉर्ममध्ये लिहून घ्या. इंग्रजी मला येत नाही, बाईंनी सांगितलं म्हणून मी सही केली होती. म्हणून म्हणते, बाई, आमची सही तुमच्या शब्दावर असते.

आकडेमोड
चाचणी म्हणतात, पण मोजणार काय? दिल्लीत २०१५ मध्ये माइंडस्पार्क या शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरची चाचणी झाली तेव्हा ६१९ मुलांच्या नावाची सोडत काढली. काहींना ते वापरायला मिळालं, काहींना नाही, आणि दोघांचीही आधी-नंतर वेगळी परीक्षा घेतली. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्हींत फरक दिसला. तुमच्या टॅबचा निकाल तोच टॅब देणार असेल तर त्याला चाचणी म्हणता येत नाही.

पंचगंगाकाठ
ते शाळा सुटल्यावरच्या केंद्रात होतं, सोबत शिकवणारा माणूसही होता, वर्गाला लागू करू नका. बाई, अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते, तीन चतुर्थांश सदस्य पालक. हा करार समितीपुढे आला होता का?

चौथीच्या बाई
नाही आला. आज मुख्याध्यापकांना तेच विचारलं. आधी चिडले, मग मी 'हिरीचं पानी' सांगितल्यावर गप्प बसले, त्यांचं घर कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगडकडचं आहे, त्यांची बोलीही तीच. कंपनीच्या माणसाला शनिवारी सभेला बोलावलंय. सह्या पुढे ढकलल्यात. त्या मुलाच्या आईला काल मीच भेटले, वाचन उत्तम आहे म्हणून सांगितलं, अहवाल दाखवला नाही. फॉर्मचा मराठी मजकूर कुणाकडे असेल तर टाका, एका पानात बसेल असा. आवाज किती दिवस ठेवणार आणि सही नाही दिली तरी मूल वर्गात मागे बसणार नाही, हे दोन्ही त्यात हवं.

कलम नऊ
मसुदा रात्री व्यक्तिगत निरोपाने पाठवतो. 'सही नाही दिली तर' हे वाक्य सगळ्यात वर ठेवा.

टॅबवाला दादा
आणि ट्रॉलीचं विसरू नका.