शेवटचा लोगो कापणं म्हणजे मालिकेचा शेवटच कापणं

रिळाचं टोक:
जुन्या अमेरिकी मालिकांच्या नव्या प्रतींबद्दल काल कुणीतरी लिहिलं, ‘नामावलीनंतरचा निर्मात्याचा लोगो काढून नव्या मालकाचा लावला तर बिघडलं कुठे? पाच सेकंदांचा तर मामला.’ वाचून डोकं तडकलं. एमटीएम या निर्मिती कंपनीच्या लोगोतलं मांजराचं पिल्लू, मिम्सी, घ्या. एमजीएम स्टुडिओच्या लोगोतल्या सिंहाच्या जागी ती, डरकाळीच्या जागी म्याऊ. ‘हिल स्ट्रीट ब्लूज’ या पोलिसांच्या मालिकेत तिच्या डोक्यावर पोलिसांची टोपी, ‘सेंट एल्सव्हेअर’मध्ये अंगावर सर्जनचे कपडे. २५ मे १९८८ च्या अखेरच्या भागात तर ती नळ्या लावून आडवी पडलेली, शेजारी हृदयाचा आलेख, आणि तो सपाट होतो. इथे दुसऱ्या कंपनीचं चिन्ह चिकटवलंत, तर हॉस्पिटलच्या त्या मालिकेतला शेवटचा मृत्यूच पुसला जातो.

हक्कदार:
एका अपवादावरून नियम बनवू नका. व्हायकॉमचा १९७६ चा अंगावर धावून येणारा ‘व्ही’चा लोगो वितरकाचा होता, वितरणाच्या प्रतींना मागाहून जोडलेला. मूळ निगेटिव्ह नव्याने स्कॅन केली तर तो येणार कुठून? आणि एमटीएम १९९७ मध्ये फॉक्सकडे गेली. लोगो हा मालकीचा शिक्का आहे, मालक बदलला की शिक्काही बदलणार.

रिळाचं टोक:
वितरकापुरतं मान्य, तेही नाइलाजाने. निर्मात्याचा लोगो मात्र कामावरची सही असते. घर विकलं म्हणून कोनशिला फोडतात का?

फील्डमोज्या:
सही राखायची तर नीट राखा. स्कॅनिमेट या जुन्या अ‍ॅनिमेशन यंत्रावर केलेले लोगो फिल्मवर नव्हतेच. कॅमेऱ्यासमोरचं चित्र पडद्यावर व्होल्टेजने वाकवायचं, ते दुसऱ्या कॅमेऱ्याने टिपायचं आणि थेट व्हिडिओ टेपवर घ्यायचं. त्यात सेकंदाला जवळजवळ ६० फील्ड, म्हणजे एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं, प्रत्येकात हालचाल वेगळी. तो तुकडा फिल्मच्या वेगाच्या, म्हणजे सेकंदाला २३.९७६ फ्रेमच्या, टाइमलाइनवर टाकला की गिरकी अडखळते, कडांना कंगव्याचे दात येतात. फिल्मवरून आलेल्या लोगोत १० फील्डमधून मूळ ४ फ्रेम परत काढता येतात, टेपवरच्यात नाही. तो सेकंदाला ५९.९४ फील्डनेच ठेवा.

पट्टीमास्तर:
त्याहून वाईट हाल आवाजाचे. स्क्रीन जेम्सच्या १९६५ च्या ‘एस’ लोगोवर एरिक सिडे यांचं सिंथेसायझरचं संगीत आहे. पाल या टीव्ही पद्धतीत, म्हणजे आपल्याकडेसुद्धा, सेकंदाला २४ फ्रेमची फिल्म २५ ने चालवतात. पाच सेकंदांचा लोगो ४.८ सेकंदांत आटोपतो आणि ४४० हर्ट्झचा स्वर ४५८ वर चढतो. सरळ ०.९६ पट वेगाने चालवा, प्रश्न मिटला.

फील्डमोज्या:
अजिबात मिटला नाही! असल्या सल्ल्यानेच निम्म्या प्रती बिघडल्यात. ‘डब्ल्यूकेआरपी’ ही मालिका एमटीएमचीच, पण टेपवर चित्रित केलेली. टेपवरचं पालमध्ये नेताना वेग वाढवत नाहीत, फ्रेम मिसळतात. तिला ०.९६ लावलंत तर मिम्सीचा आवाज जाड होईल.

पट्टीमास्तर:
मी फिल्मबद्दल बोलतोय, तेवढं तरी वाचा.

फील्डमोज्या:
वाचलं. पण हातात आलेली प्रत फिल्मवरून आली की टेपवरून, हे न सांगता आकडा देणं चूकच. एकेक फ्रेम पुढे सरकवून बघा. हलत्या अक्षराची कड दुहेरी, भुतासारखी दिसली तर फ्रेम मिसळलेल्या आहेत, वेगाला हात लावू नका. प्रत्येक फ्रेम स्वच्छ असेल तरच ०.९६.

पट्टीमास्तर:
कडेची खूण बरोबर आहे, मानतो. पण तीही पुरत नाही. काही प्रतींत वेग वाढवून स्वराची पट्टी मात्र आधीच खाली आणलेली असते. त्या हळू केल्या की पाऊण अर्धस्वराने उतरतात. लांबी आणि पट्टी वेगवेगळी मोजा.

हक्कदार:
मूळ मुद्दा मालकीचा होता.

रिळाचं टोक:
तुमचा असेल. माझा मुद्दा मिम्सीचा आहे. मालकाचा लोगो हवा तर तिच्यानंतर दोन सेकंद काळं ठेवून जोडा. तिच्या जागी नको.