साडेआठ इंची रिमवर २२५ की २४५? (जीटी८६, भांडायला या)

तिसरा_गिअर
गाडी टोयोटा जीटी८६, पहिली पिढी. कंपनीचं माप २१५/४५ आर १७ (टायर २१५ मिमी रुंद, साइडवॉल म्हणजे टायरची बाजूची भिंत त्या रुंदीच्या ४५ टक्के उंच, रिम १७ इंची), रिम ७ इंच रुंद, ऑफसेट (रिमचा गाडीला टेकणारा भाग तिच्या मध्यापासून किती मिमी बाहेर आहे ते) ४८. आता मी १८ इंची, साडेआठ रुंद, ऑफसेट ४५ वाली अलॉय घेऊन बसलोय, वापरलेली आहेत पण सरळ आहेत, पीसीडी (नटांची भोकं किती आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास किती मिमी) ५ बाय १०० जुळतो. टायर अजून घेतले नाहीत आणि तिथेच गाडं अडलंय. ज्याने रिम विकल्या तो म्हणतो डोळे झाकून २३५/४० टाक, मडगार्डची कमान मस्त भरते. मित्र म्हणतो २४५/३५ सोडून दुसऱ्या कशाला हात लावू नको. मला स्वतःला २२५/४० बरे वाटतायत. गाडी रोज चालते, वर्षातून चार-पाच वेळा ट्रॅकवर जाते, सस्पेन्शन कंपनीचंच, खाली केलेली नाही.
माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे भांडायला बरं पडेल: रुंद टायर टाकला की गाडी सुधारते हे निम्मं खोटं आहे.

मीटरवाला
आधी व्यास काढा राव, मग बाकीचं. रुंदी गुणिले साइडवॉलचा टक्का, ते दुप्पट, अधिक रिम (इंच गुणिले २५.४). तुमचा मूळ टायर ६२५ मिमी आला. २२५/४० आर १८ येतो ६३७, म्हणजे दोन टक्क्यांच्या आत. २४५/३५ येतो ६२९, जवळपास मूळचाच. आणि तो विक्रेत्याचा २३५/४० येतो ६४५, म्हणजे सव्वातीन टक्के मोठा. मोठं चाक म्हणजे सगळेच गिअर तेवढे लांब झाले, ज्या वेगाला इंजिन आधी ३००० वर फिरायचं तिथे आता २९०० वर फिरणार. या इंजिनाचा टॉर्क आहेच २०५ न्यूटन मीटर, त्यातला तुम्ही कमान भरायला दान करणार? तो पर्याय माझ्याकडून बाद.

निवांत_चालक
मीटर कमी दाखवेल तो मुद्दा पण आहे ना? म्हणजे गाडी १०३ ने पळतेय आणि काटा १०० वर.

मीटरवाला
लगेच तसं होईलच असं नाही. संयुक्त राष्ट्रांचा ३९ नंबरचा नियम आहे त्यात मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही, जास्त दाखवलं तर १० टक्के अधिक ४ किमीपर्यंत चालतं. त्यामुळे बऱ्याच गाड्यांचं मीटर मुळातच थोडं फुगवून सांगतं, दोन टक्के त्यातच जिरून जातात. तीनच्या पुढे गेलात की मात्र तुमच्या गाडीचं मीटर किती फुगवतं ते जीपीएस लावून बघा आणि मग बोला.

कॉर्नरराणी
मी २४५ च्या बाजूने. मी हीच गाडी तीन वर्ष ट्रॅकवर नेतेय, सुरुवातीला २१५, मग २२५, आता २४५. अरुंद टायरचं दुखणं पहिल्या दोन फेऱ्यांत कळतच नाही. चौथ्या-पाचव्या फेरीला पुढचे टायर तापून चिकट होतात, स्टिअरिंग हलकं पडतं आणि गाडी सरळ बाहेर जायला बघते. रुंद टायरमध्ये रबर जास्त, उष्णता पसरायला जागा जास्त, त्यामुळे तो शेवटपर्यंत टिकतो. "निम्मं खोटं" म्हणणाऱ्यांनी एकदा पूर्ण सेशन चालवून बघावं, घराजवळच्या वळणावर टायरची परीक्षा होत नसते.

तिसरा_गिअर
ताई, पण जमिनीला टेकणारं क्षेत्रफळ वाढतच नाही ना फारसं. गाडी साडेबाराशे किलोच्या आत, एका चाकावर धरा ३१० किलो, हवा ३३ पीएसआय. भागाकार करा, १३० चौरस सेंटीमीटरच्या आसपास येतं, टायर २१५ असो नाहीतर २४५. थोडा भार साइडवॉल उचलते ते सोडा. मग रुंदीने मिळवलं काय?

कॉर्नरराणी
क्षेत्रफळ तेवढंच, आकार बदलतो! अरुंद टायरचा ठसा लांबुडका, रुंद टायरचा आखूड आणि आडवा. वळणात टायर थोडा तिरका चालतो तेव्हा लांबुडक्या ठशाचा मागचा भाग आधी सुटायला लागतो, आखूड ठसा त्याच तिरकेपणात जास्त जोर धरतो. म्हणून स्टिअरिंग वळवल्या वळवल्या नाक आत येतं. शिवाय रुंद टायरमध्ये मऊ रबर वापरता येतं, ते झिजून चालेल एवढा साठा असतो. भागाकार बरोबर आहे तुझा, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकलाय.

निवांत_चालक
हे सगळं मान्य केलं तरी मूळ प्रश्न राहतो की ही गाडी घेतली कशाला. कंपनीने हिच्यावर मिशेलिन प्रायमसी एचपी दिले होते, प्रियस या टोयोटाच्या हायब्रिड गाडीला मिळायचे तेच, आणि ते हेतू ठेवून, की कमी वेगातच मागची बाजू हलावी आणि माणसाने ती हाताने सावरावी. २०० घोड्यांच्या गाडीला २४५ लावले की ती रुळावर चालल्यासारखी जाते. वेळ कमी लागतो, कबूल, पण मजा यायला आता आणखी ३० किमी वेग वाढवावा लागतो आणि तेवढ्या वेगात चुकलं तर सावरायला जागा नसते. माझ्याकडे २१५ च आहेत, फक्त रबर चांगलं घेतलंय. बदल करायचाच तर आधी रबराचा दर्जा बदला.

कॉर्नरराणी
प्रियसच्या टायरची गोष्ट आली का, मी वाटच बघत होते 😄 ती ऐकून ऐकून ते टायर पण झिजले असतील. पण रबर आधी, रुंदी नंतर, हे १०० टक्के पटलं. चांगल्या रबराचा २१५ हा भिकार २४५ ला सहज मागे टाकेल.

पाना_नंबर_दहा
तुम्ही सगळे टायरचं बोलताय, रिम कुणी मोजली? मी चाकं बसवायचं काम करतो म्हणून सांगतो. रिम दीड इंच रुंद झाली, ऑफसेट ३ ने कमी. म्हणजे बाहेरची कड २२ मिमी बाहेर येणार आणि आतली १६ मिमी आत जाणार. बाहेर बहुतेक निभावेल, आतल्या बाजूला स्ट्रटपासून (सस्पेन्शनचा उभा दांडा) किती अंतर उरतं ते पुढच्या चाकाला बघायचं, कारण तिथे बोट जाईल न जाईल अशी गत असते. रिकामी रिम आधी गाडीवर चढवा, सगळे नट आवळा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा, मग हात घालून मोजा. स्ट्रटवर मातीचा, म्हणजे मुलांच्या खेळायच्या मातीचा गोळा चिकटवला की अंतर अचूक कळतं. आणि गाडीच्या हबचा (चाक ज्यावर बसतं तो मधला गोल भाग) व्यास ५६.१ मिमी आहे, बाजारातल्या रिमचं मधलं भोक बरेचदा ७३.१ असतं, तर मध्ये रिंग लागेल. रिंग विसरलात तर ९० च्या वर स्टिअरिंग थरथरेल आणि तुम्ही बिचाऱ्या टायरला शिव्या घालाल.

आता दुसरं. साडेआठ इंच हे टायर जिथे बसतो त्या आतल्या जागेचं माप, कडा धरून तीच रिम बाहेरून साडेनऊच्या आसपास जाते, म्हणजे २४० मिमी. २२५ चा टायर या रिमवर ताणून सुमारे २३५ होतो. म्हणजे टायर आत आणि रिमची कड बाहेर! फुटपाथला जरा लागलं की सरळ अलॉयवर ओरखडा. २४५ घातला तर तो कडेच्या किंचित बाहेर राहतो, रिम वाचते. रोज पार्किंग करणाऱ्याने याचा विचार आधी करावा, लॅप टाइम वगैरे नंतर.

तिसरा_गिअर
हे मला माहितीच नव्हतं. पण २२५/४० ला साडेआठ चालतं ना? टेबलमध्ये साडेसात ते नऊ दिलंय.

पाना_नंबर_दहा
चालतं की. चालतं आणि शोभतं यात फरक आहे. ज्यांच्या साइडवॉलला खाली रबराची जाड कड असते तसले बघा, थोडंफार झाकतं. आणि एका मापाचे दोन कंपन्यांचे टायर शेजारी ठेवले तर पाच-सात मिमीचा फरक सहज सापडतो, ट्रॅकवाले टायर बहुतेक चौकोनी खांद्याचे असतात, ते जास्त जागा खातात. नुसत्या आकड्यावर जाऊ नका.

आठव्या_लेनचा
माझं जरा कडू मत. तुम्ही आधी कळस मग पाया केलाय. आधी ठरवायचं की टायर कुठला हवा, कुठल्या मापात तो मिळतो, मग त्या मापाला रिम. रोजची गाडी आणि थोडा ट्रॅक, याला १७ इंची ८ रुंद आणि २२५/४५ हे सरळ उत्तर होतं. ट्रॅकचं वेडच असेल तर १७ इंची ९ रुंद आणि २४५/४० आर १७, व्यास ६२८. साइडवॉल उंच राहते, खड्ड्यात रिम वाकत नाही, चाक हलकं असतं. १८ फक्त दिसायला. विकून टाका त्या.

तिसरा_गिअर
दादा, घेतल्यात आता. आणि १८ फक्त दिसायला कसं, पुढच्या पिढीला कंपनीनेच २१५/४० आर १८ दिलेत.

आठव्या_लेनचा
साडेसात रुंद रिमवर दिलेत, तुमच्या साडेआठवर नाही. साडेआठ म्हणजे त्या मापाची शेवटची हद्द. तुमच्या रिमचं वजन किती आहे ते तरी सांगा. चाकाचं वजन परिघावर वाढलं की ते फिरवायलाही लागतं, थांबवायलाही लागतं आणि खड्ड्यातून वर-खाली उचलायलाही लागतं. एका चाकामागे दोन किलो वाढले तर ते बुटाला चिखल लागल्यासारखं वाटतं.

तिसरा_गिअर
काट्यावर ठेवली आत्ता. मूळच्यापेक्षा ४०० ग्रॅमने जास्त, टायर सोडून.

आठव्या_लेनचा
मग ठीक आहे, ओरडण्यासारखं नाही. तरी विकलं असतं मी 😅

निवांत_चालक
पावसाचं कुणीच बोललं नाही. रुंद आणि झिजलेला टायर पाण्यावर लवकर तरंगतो, आडव्या ठशातून पाणी बाजूला जायला वेळ लागतो. ट्रॅकवाले रबर असेल तर खाचाही कमी. रोज चालवणाऱ्याला वर्षातले कितीतरी दिवस ओल्या रस्त्याचे मिळतात, चार-पाच दिवस ट्रॅकचे. हिशोब करा.

कॉर्नरराणी
म्हणून चांगल्या खाचांचा २४५ घ्या. रुंद म्हणजे गुळगुळीत असं कुणी सांगितलं? पण एक कबूल करते, थंड सकाळी माझे २४५ पहिली दहा मिनिटं लाकडासारखे असतात, हलकी गाडी त्यांना तापवूच शकत नाही. आणि खाचाळ रस्त्यावर स्टिअरिंग आपल्या मनाने इकडेतिकडे ओढलं जातं, तेव्हा हातात पक्कं धरून बसावं लागतं.

मीटरवाला
अजून एक, लोड इंडेक्स. मूळचा ८७ आहे म्हणजे टायरमागे ५४५ किलो. त्याच्या खाली जायचं नाही. २२५/४० आणि २४५/३५ दोन्ही ९२ मध्ये मिळतात, ६३० किलो, त्यामुळे चिंता नाही, पण ते जादा भाराचे टायर असतात, त्यांना तोच भार उचलायला किंचित जास्त हवा लागू शकते. दारावरच्या स्टिकरचा आकडा पकडा आणि दोन-तीन पीएसआय वर ठेवून गरम झाल्यावर बघा.

तिसरा_गिअर
रिकामी रिम चढवली, मातीचा गोळा लावला (शेजारच्या मुलाकडून उसना घेतला, परत करायचाय). पुढे स्ट्रट आणि रिमच्या मध्ये ९ मिमी. त्यात २४५ ची साइडवॉल रिमच्या बाहेर फुगते ती वेगळी, म्हणजे उरणार पाचएक. मला ते पटत नाहीये. २२५/४० ठरवतोय, जाड कडेचे, उन्हापावसाचे दोन्हीचे. ओरखडा पडला तर पडला.

कॉर्नरराणी
पाच मिमी पुष्कळ असतात, माझे चार आहेत आणि तीन वर्षांत एकदाही घासलं नाही. घाबरून माप निवडतोयस.

पाना_नंबर_दहा
तुमच्याकडे पुढे कॅम्बर (चाकाचा उभा तिरकेपणा) किती आहे ताई? कंपनीच्या सस्पेन्शनवर आहे का ते?

कॉर्नरराणी
नाही, कॉइलओव्हर (उंची बदलता येणारं बाजारातलं सस्पेन्शन) आहेत. स्प्रिंग बारीक आहे, म्हणजे माझं माप याच्या कंपनीच्या सस्पेन्शनला लागू नाही. बरं बरं, समजलं.

तिसरा_गिअर
🙂 टायर आले की परत मोजून सांगतो. हबच्या रिंगा आधी मागवतो, ७३.१ चंच भोक निघालं.