मदत हवी आहे: तक्सीमवर नाचताना मोजणी कुठून धरायची? (तातडीचे)

झिपरी: कार्यशाळा चालू आहे, परवा प्रत्येकीला वादकांसमोर एकटीने नाचायचंय. रेकॉर्डवर माझं सगळं नीट बसतं. आज कानूनवाल्याने (कानून म्हणजे इथलं संतूरसारखं तारांचं वाद्य) तक्सीम, म्हणजे एकट्याचं उत्स्फूर्त वादन, सुरू केली आणि एक-दोन-तीन कुठून सुरू करायचं तेच कळेना. बाई म्हणतात, "ऐक." ऐकतेच आहे की! फक्त अनुभव असलेल्यांनी सांगा, लवकर.

कोथरूडकर: कुठला नाच, कुठलं गाव? काही सांगाल की नाही?

झिपरी: रक्स शर्की हो, बेली डान्स. कैरोत. अजून काय सांगायचं?

मात्रा_सम: मी कथकवाली. घाबरू नका, लेहरा (तालाचं आवर्तन दाखवणारी धून) धरतो तसं धरायचं आणि समेवर यायचं. त्यांचा दहा मात्रांचा समाई ताल म्हणजे आपला झपतालच.

दुमतक: नाही हो. झपताल २-३-२-३, समाई ३-२-२-३. झपतालाच्या वजनाने पाय टाकलात तर दुसऱ्याच तुकड्यात गडबडाल. आणि तक्सीमला ठेका नसतोच सहसा, तो आलाप समजा. मोजायला जाऊ नका, वाद्य बघा. कानूनवर सूर थरथरायला लागला की शिमी (अंग थरथरवणं). नाय (बासरी) किंवा व्हायोलिन लांब सूर ओढत असेल तर हात आणि कंबर सावकाश. वादक थांबला की तुम्हीही थांबा, गडबडीने जागा भरू नका. ओळ संपवून तो मुक्कामाच्या सुरावर आला की तिथे तुम्हीही स्थिरावा.

मात्रा_सम: आलापालाही आतली लय असते. हे शिकलेल्यांनाच कळतं.

दुमतक: असते. पण ती मोजून सापडत नाही, एवढंच म्हणतोय.

ठसका: ढोलकीशी सवाल-जवाब करून लावणी नाचलेली बाई हे झोपेतसुद्धा करेल. आधी चार बैठकीच्या लावण्या ऐका.

झिपरी: परवा आहे ताई. परवा!

मस्कतवासी: पिरॅमिडला सकाळी लवकर जा. उंटावर बसायच्या आधी उतरायचे पैसेही ठरवून घ्या, ते वेगळे मागतात. पाण्याची बाटली सोबत ठेवा.

कोथरूडकर: एवढे पैसे घालवून परदेशात कंबर हलवायची? आपल्याकडे काय कमी आहे?

ठसका: आपल्याकडे संगीतबारीतल्या बायकांना काय काय ऐकून घ्यावं लागतं ते माहीत आहे का? कैरोच्या मोहम्मद अली रस्त्यावरच्या नर्तकींनी तेच ऐकलं. नाच सगळ्यांना बघायचा असतो, नाचणारी मात्र आपल्या घरातली नको.

दुमतक: वाद चालू द्या. झिपरी, वादक कोण कोण आहेत? गाणं कुठलं? तबला सोलो आहे का?

झिपरी: 'इन्ता उम्री'! सगळ्या तेच करतात म्हणून लिहिलं नाही. त्याआधी तक्सीम, शेवटी तबला सोलो. कानून, नाय, व्हायोलिन, रिक (खंजिरी) आणि तबला. इथला तबला हो, एका बगलेत धरून वाजवतात तो.

दुमतक: हे आत्ता सांगताय? इजिप्तची गायिका उम्म कुल्सूमचं १९६४ चं गाणं, संगीत मोहम्मद अब्देल वहाबचं. नुसती सुरुवातीची धूनच काही मिनिटं चालते. तुमच्या रेकॉर्डमध्ये ती नाचासाठी कापलेली असणार. तेव्हा वादक कुठून कुठपर्यंत वाजवणार हे उद्याच विचारून घ्या, नाहीतर तुमचा शेवट झाला तरी ते वाजवतच राहतील. तबलावाल्याशी वेगळं बोला. सोलोमध्ये तो तुमच्याकडे बघून वाजवतो, तुम्ही खाली बघत राहिलात तर त्याने काय करायचं? शेवटाची खूण ठरवा. मक्सूम आणि सईदी हे ठेके कानाने ओळखता येतात ना?

झिपरी: मक्सूम येतो. सईदी कधी सुरू झाला तेच कळत नाही.

दुमतक: दुम म्हणजे जड ठोका, तक म्हणजे हलका. मक्सूम: दुम तक – तक दुम – तक –. सईदी: दुम तक – दुम दुम – तक –. मधे दोन दुम लागोपाठ आले की सईदी. तिथे पाऊल जड आणि जमिनीला धरून, नाजूक हात नकोत. आज रात्री टाळ्या वाजवत दोन्ही तोंडाने म्हणा.

मस्कतवासी: पोटाला सांभाळा. कोशरी गर्दीच्या दुकानातच खा.

झिपरी: तबलावाल्याशी बोलले. म्हणाला, मोजू नकोस, माझ्याकडे बघ, शेवटी तीन ठोके देईन. कानूनवाला मात्र आधी काहीच सांगायला तयार नाही, नुसता हसतो.

मात्रा_सम: तीन ठोके? म्हणजे आपली तिहाईच की, एकच बोल तीनदा घेऊन समेवर यायचं!

दुमतक: नाही हो.