नेपल्समधली छायाचित्रं: चोरापेक्षा उन्हाची काळजी करा

इटलीतल्या नेपल्सच्या गल्ल्यांत चोरीच्या भीतीमुळे कॅमेरा बाहेर काढावा की नाही, असं एकाने विचारलंय. काढावा की! फक्त पट्टा मनगटाला गुंडाळा. तिथे स्कूटर अगदी अंगाला घासून जातात.

मला अडचण वाटते ती उन्हाची. क्वार्तिएरी स्पान्योली ही वस्ती १६व्या शतकात स्पॅनिश सैनिकांसाठी आखलेली. बोळ अरुंद, दोन्ही बाजूंना उंच इमारती. वर वाळत घातलेल्या चादरी उन्हात झगझगतात आणि खाली रस्त्यावर काळोख. कॅमेऱ्यावर सोडलंत तर चादरी पांढऱ्याफटक होऊन जातात. उजेडाचा भाग सांभाळून एक्स्पोजर (कॅमेऱ्यात घेतला जाणारा प्रकाश) कमी ठेवा आणि सावली खुशाल काळी होऊ द्या. म्हणूनच हे शहर कृष्णधवलमध्ये शोभतं, असं माझं मत.

दुसरं म्हणजे 'बास्सो'. तळमजल्यावरची ही लहानशी घरं, दार थेट रस्त्यावर उघडतं. आपल्याला वाटतं रस्त्याचा फोटो काढतोय, प्रत्यक्षात कुणाच्या तरी स्वयंपाकघरात डोकावत असतो. तिथे आधी नजर भेटवा, 'बोंज्योर्नो' (नमस्कार) म्हणा, मग कॅमेरा. लांबून झूमने टिपणं मला पटत नाही. सिसिलीतल्या पालेर्मोच्या छायाचित्रकार लेतिझिया बाताल्या यांची छायाचित्रं बघा, माणसांच्या किती जवळ जाऊन काढलेली आहेत! (त्या 'लोरा' या दैनिकासाठी काम करत. माफियाने केलेले खूनही त्यांनी टिपले.)

फुटबॉलपटू मॅराडोनाच्या १९९० सालच्या भित्तिचित्राचा फोटो सगळेच काढतात. तिथे भिंतीकडे पाठ करून गर्दीचे चेहरे टिपा.