कॉलनीतली गरिबांची घरं गेली कुठे?

प्रश्न (लोकमान्य नगर, इंदूर): मुलासाठी बिचोली मर्दानाकडे फ्लॅट बघून आले. नकाशात क्लब हाउस आहे, मंदिर आहे, ईडब्ल्यूएसचं, म्हणजे आर्थिक दुर्बल गटाचं, एकही घर नाही. बिल्डरच्या ऑफिसातला मुलगा म्हणे, "काकू, शुल्क भरलंय आम्ही." आमच्या पोळ्यांच्या बाईंसाठी विचारत होते हो! असं पैसे भरून सुटता येतं?

उत्तर: येतं, काकू. आपल्या मध्य प्रदेशात बिल्डरनं दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी जागा सोडायची, नाहीतर आश्रय शुल्क भरायचं. त्या पैशातून घरं बांधलीच तर ती गावाबाहेर. बिचोलीत पोळ्या लाटायला दोन बस बदलून या! भरलं की नाही, ते नगर निगमच्या (महापालिकेच्या) कॉलनी सेलला माहितीच्या अधिकारात विचारा, फी 10 रुपये.

दुसरं उत्तर: बाईंना प्रधानमंत्री आवासचा फॉर्म भरायला लावा. घरचं वार्षिक उत्पन्न 3 लाखांपर्यंत हवं, देशात कुठेही पक्कं घर नको.

काकू: गावी बाईंच्या सासऱ्यांच्या नावावर आहे की एक. गेलं का मग?

दुसरं उत्तर: नाही गेलं. कुटुंब म्हणजे नवरा, बायको, अविवाहित मुलं; सासरे त्यात नाहीत. सगळ्यांची आधार कार्डं मात्र तयार ठेवा.