मदत हवी आहे: चेरोकी एजन्सीची जुनी कागदपत्रं कशी वाचायची?

नमस्कार मंडळी. चेरोकी लोक (अमेरिकेतले एक मूळ रहिवासी) आणि अमेरिकेचं केंद्र सरकार यांच्यातल्या व्यवहारावर एक दीर्घ लेख लिहितोय. चेरोकींची जमीन सरकारला देणारा १८३५चा न्यू एकोटा करार, त्यांचे प्रमुख जॉन रॉस यांनी हजारो सह्यांनिशी नोंदवलेला विरोध, तरीही सिनेटमध्ये दोन-तृतीयांशाची अट जेमतेम एका मताने ओलांडून मिळालेली मंजुरी, हे सगळं छापील पुस्तकांत सापडतं. मला हवंय त्याच्या आधीचं, रोजच्या कारभारातलं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात रेकॉर्ड ग्रुप ७५मध्ये (मूळ रहिवाशांशी व्यवहार पाहणाऱ्या सरकारी खात्याची कागदपत्रं) टेनेसीतल्या चेरोकी एजन्सीचे, म्हणजे चेरोकींसाठीच्या सरकारी कचेरीचे, कागद आहेत, १८०१ ते १८३५. मायक्रोफिल्म क्रमांक एम २०८. रिटर्न मेग्ज १८०१ ते १८२३ तिथे सरकारचे एजंट होते (हो, ‘रिटर्न’ हे खरंच त्यांचं नाव!). पत्रं, हिशेब, गोऱ्यांना चेरोकी मुलखात शिरायचे परवाने, आणि सगळ्यात रंगतदार म्हणजे चोरीला गेलेल्या घोड्यांचे दावे. दोन्ही बाजूंचे! करारांपेक्षा या तक्रारींतून संबंध जास्त उघडे पडतात, असं माझं मत.

अडचण अशी की हस्ताक्षर मोडीपेक्षाही छळतंय, आणि एकाच माणसाच्या नावाचं स्पेलिंग पानागणिक बदलतं. एखादा दावा पुढे मंजूर झाला का, पैसे मिळाले का, याचा माग तुम्ही कसा काढता? १८२४ नंतरची वॉशिंग्टनला आलेली पत्रं एम २३४मध्ये आहेत. दोन्ही संच ताडून पाहिलेलं कुणी आहे का? हस्ताक्षर वाचणारं एखादं सॉफ्टवेअर या काळाच्या इंग्रजीला चालतं का? अटलांटा किंवा वॉशिंग्टनकडे राहणाऱ्यांपैकी कुणी तिथल्या वाचनकक्षात बसलं असेल तर कृपया सांगा, आधी वेळ घ्यावी लागते का?