तालगोची चाचणी आपल्या घाटात का नाही झाली?

पंचवटीचा पासधारक, नाशिकरोड:
2016 मध्ये स्पेनची तालगो (वळणावर झुकणारी, हलक्या डब्यांची गाडी) आणून आपल्याच रुळांवर पळवली. आधी बरेली–मुरादाबाद, मग मथुरा–पलवल (तिथे ताशी 180 किमी गाठले), शेवटी दिल्ली–मुंबई बारा तासांच्या आत. पण ती कोटा-सुरतमार्गे आली. मनमाड–कसारा बाजूला कोणी विचारही केला नाही. तशी गाडी आपल्याला मिळाली तर आपल्या मनमाड–मुंबई पंचवटी एक्सप्रेसचा किती वेळ वाचेल?

सिन्नरकर:
रूळ न बदलता धावली हे महत्त्वाचं. स्पेनचा गेज (दोन रुळांमधलं अंतर) 1668 मिमी, आपला 1676, त्यामुळे जमलं. वळणावर डबा आत झुकतो, म्हणून वेग फारसा कमी करावा लागत नाही.

निवृत्त लोको पायलट, इगतपुरी:
झुकणं प्रवाशासाठी असतं, त्याला बाहेर फेकल्यासारखं होऊ नये म्हणून. रुळावर येणारा आडवा दाब झुकल्याने कमी होत नाही. डबा हलका असल्यामुळे तो दाब कमी होतो. मथुऱ्याच्या सपाटीवर हे सगळं छान दिसतं.

आपल्याकडे अडतं ते कसारा–इगतपुरीत. चढ 37 ला 1, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर. कसाऱ्याला मागून बँकर (ढकलणारी जादा इंजिनं) लागतात, शेवटच्या डब्यात बसलेल्याला तो धक्का बरोबर कळतो. ते जोडायचे, वर आल्यावर सोडायचे, त्यातच वेळ जातो. उतरताना तर वेग ब्रेकच्या भरवशावरच ठरतो. ब्रेक तापल्याचा वास नाकात बसलेला माणूस घाटात वेग वाढवा असं कधी म्हणणार नाही. आणि चाचणीतल्या तालगोच्या डब्यांना स्वतःच्या मोटारी नव्हत्या, पुढे आपलंच इंजिन होतं.

शिर्डी वंदे भारत 2023 पासून बँकरशिवाय घाट चढते, कारण तिच्या निम्म्या डब्यांखाली मोटारी आहेत. आपल्या कामाची गाडी ही.

पंचवटीचा पासधारक, नाशिकरोड:
काका, म्हणजे पंचवटीलाच तसा रेक (डब्यांचा पूर्ण संच) मागायचा का?

निवृत्त लोको पायलट, इगतपुरी:
मागा, जरूर मागा. पण पासधारकांचे डबे आणि साधं तिकीट ठेवूनच. नाहीतर रोज नोकरीला जाणारा माणूस स्टेशनवरच राहील. आणि रेल्वेला द्यायच्या निवेदनात पहिली मागणी घाटातल्या नव्या, कमी चढाच्या मार्गाची लिहा. तो झाला की मालगाड्यांसकट सगळ्यांचाच बँकर सुटेल.

सिन्नरकर:
मसुदा मी करतो. काका, चढाचे आकडे तुम्ही तपासून द्या.